गुरूवर माणूस उतरेल का? आणि शनीवर?

प्रश्न : ताई, सगळे नुसते मंगळ मंगळ करतात, गुरूचं कोणी नावच घेत नाही. सर म्हणाले तिथे जमीनच नाही म्हणून माणूस जाऊ शकत नाही. पण विमान पण तर जमिनीवर नसतं ना, हवेतच असतं, मग गुरूच्या हवेत राहता नाही येणार का?
— अकरावीचा विद्यार्थी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : बाळा, अर्धं उत्तर तूच देऊन टाकलंयस, म्हणून उरलेलं अर्धं मी जरा लांबलचक देते, संपादकांना कात्री लावायची तर लावू देत.

जमीन नाही हे खरंच आहे. गुरू म्हणजे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम. रुंदीत ११ पृथ्व्या ओळीने मावतील एवढा, आणि वजन ३१८ पृथ्व्यांचं. फोटोत दिसतात ते पट्टे म्हणजे अमोनियाचे ढग. त्यांच्या खाली जा, जातच राहा, गॅस दाट होत जातो, गरम होत जातो, कुठेतरी द्रवासारखा वागायला लागतो, पण इथे हवा संपली आणि इथे समुद्र लागला अशी रेघ कुठेच नाही. अजून खोल गेलं की पृथ्वीवरच्या हवेच्या लाखो पट दाबाखाली तोच हायड्रोजन धातूसारखी वीज वाहून न्यायला लागतो, आणि त्यातूनच गुरूचं ते भयंकर ताकदीचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. अगदी मधला गाभासुद्धा टणक गोळा नसावा, कडा विरघळल्यासारखा पसरट असावा, असं जूनो यानाच्या मोजणीवरून दिसतंय. तेव्हा बूट टेकवायचे, झेंडा रोवायचा, फोटो काढायचा, हा सगळा कार्यक्रम रद्द.

पण जमीन नाही म्हणून जाता येत नाही हे म्हणणं मलाही आळशीपणाचं वाटतं. १९८५ मध्ये सोव्हिएत रशियाने शुक्राच्या हवेत दोन फुगे सोडले होते, व्हेगा मोहिमेतले, ते खालच्या त्या भट्टीत न उतरता साधारण ५४ किलोमीटर उंचीवर मजेत तरंगत राहिले. तेव्हा तरंगणं ही काही हवेतली कल्पना नाही (म्हणजे हवेतलीच आहे, पण कळलं ना तुला).

आता गुरूच्या हवेत प्रत्यक्ष काय होतं ते आपल्याला माहितीये कारण एक यंत्र तिथे जाऊन आलंय, म्हणजे जाऊन आलं नाही, गेलं. गॅलिलिओ मोहिमेचा ३३९ किलोचा एक गोळा ७ डिसेंबर १९९५ ला गुरूत शिरला, सेकंदाला ४७ किलोमीटरच्या वर वेगाने. त्याच्या पुढच्या ढालीचा निम्म्याहून जास्त भाग जळून उडून गेला, आणि ब्रेक लागताना त्याच्यावर सुमारे २३० जी एवढा झटका आला. पृथ्वीवर आपण उभे असतो तो १ जी. फायटर पायलटला ९ जी सुद्धा काही सेकंदच झेपतात. यंत्राने सहन केलं, पॅराशूट उघडलं, आणि जवळजवळ तासभर खाली जाता जाता ते माहिती पाठवत राहिलं. शेवटचे आकडे आले तेव्हा बाहेरचा दाब आपल्या हवेच्या २२ पट आणि तापमान १५० डिग्रीच्या वर होतं. त्यानंतर गप्प.

या आकड्यांत एक गंमत लपलेली आहे, जी कोणी सांगत नाही. ढगांच्या वरच्या बाजूला, जिथे दाब आपल्यासारखाच आहे, तिथे उणे १०८ डिग्री थंडी आहे. २२ पट दाबाला दीडशे डिग्री. म्हणजे मध्ये कुठेतरी असा थर असणारच ना जिथे तापमान आपल्या इंदूरच्या हिवाळ्यासारखं आहे! आहेच. दाब साधारण सहा-सात पट होतो तिथे १५-२० डिग्रीचं मस्त हवामान मिळेल, पाण्याचे ढग पण त्याच सुमाराला असावेत. आणि सहा-सात पट दाब म्हणजे समुद्रात ५०-६० मीटर खोल, तेवढ्यावर तर पाणबुडे कामं करतात. श्वास घेण्यासारखं अर्थातच काही नाही, ऑक्सिजन सोबत न्यायचा, पण दाबाने चुरगळून मरण आणि थंडीने गोठून मरण या दोन्ही भीती त्या एका थरात तरी नाहीत.

मग अडतं कुठे? वजनात अडतं, आणि परतीत अडतं.

वजन आधी. गुरूच्या ढगांपाशी ओढ पृथ्वीच्या अडीच पट आहे. तू साठ किलोचा असशील तर तिथे दीडशे किलोचा. उठून बसायचं तरी धाप लागेल, रक्त पायाकडे ओढलं जाईल, हृदय रात्रंदिवस जिना चढल्यासारखं राबेल. थोडा वेळ चालेल, पण अडीच जी मध्ये आठवडे, महिने कोणी काढलेले नाहीत, आणि कोणी काढावेत असंही मला वाटत नाही.

तरंगायचं कसं हाही मुद्दा आहे. आपल्याकडे हेलियमचा फुगा वर जातो कारण हेलियम हवेपेक्षा हलका. गुरूवर हवाच हायड्रोजनची आहे, त्याच्याहून हलका गॅस अख्ख्या विश्वात नाही. मग एकच उपाय उरतो, तिथलाच हायड्रोजन फुग्यात भरून तापवायचा, हॉट एअर बलून. होईल, पण सतत तापवत राहायला ऊर्जा हवी, आणि सूर्य तिथे पृथ्वीच्या मानाने २७ पट फिका, तोही ढगांच्या वर. म्हणजे अणुभट्टी आली. आणि ती बंद पडली तर फुगा हळूहळू खाली जाणार, आणि खाली कुठे अडकणार नाही, कारण अडकायला काही नाहीच.

आता परत येणं, खरी मेख इथे आहे. गुरूच्या ढगांतून नुसतं कक्षेत यायला, म्हणजे वर थांबलेल्या आपल्या मोठ्या यानापर्यंत पोचायला, गुरूच्या गिरक्यांचा फायदा धरूनसुद्धा सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटरचा वेग लागतो. पृथ्वीवरून आठच्या आत भागतं. तू म्हणशील चार पट वेग तर चार पट इंधन, तसं नसतं रे. समज तुला स्कूटरवरून इंदूरहून निघून थेट कन्याकुमारी गाठायची आहे आणि वाटेत एकही पंप नाही, तर सगळं पेट्रोल सोबत घ्यायचं, मग त्या पेट्रोलच्या वजनासाठी जास्त पेट्रोल, मग त्या जास्तीच्या पेट्रोलसाठी अजून, असं ते फुगतच जातं. रॉकेटचं हेच गणित आहे. हायड्रोजन-ऑक्सिजनवर चालणारं चांगलं रॉकेट धरलं तर गुरूच्या ढगांतून एक टन वर न्यायला सुरुवातीला सातशे-आठशे टन लागतील, तेही टाक्यांचं वजन न धरता. आणि हे धूड टांगायचं कशाला? फुग्याला!

अणुशक्तीवर हायड्रोजन तापवून मागे फेकणारी रॉकेट इंजिनं अमेरिकेने १९६० च्या दशकात नेवाडाच्या वाळवंटात चालवून बघितली होती, १९७३ मध्ये तो कार्यक्रम गुंडाळला. तसलं इंजिन असेल तर तोच आकडा चाळीस टनांच्या आसपास येतो आणि हायड्रोजन तर तिथे फुकट मिळतोय. म्हणून मी अशक्य हा शब्द वापरणार नाही. पण गुरूवर मुक्कामाला जाण्याचा हट्ट कोणी करू नये, शेजारी त्याच्याहून बरी जागा आहे. ती कोणती ते खालच्या प्रश्नात.

प्रश्न : आम्ही जुन्या इंदूरचे, शनी मंदिराच्या अगदी जवळ राहतो. तुमच्या मागच्या लेखात शनीच्या कड्यांबद्दल वाचलं. नातू विचारतो की आजोबा, शनीवर माणूस गेला तर काय होईल? मी म्हटलं साडेसाती लागेल! पण खरंच काय होईल हो?
— एक आजोबा, जुनी इंदूर

उत्तर : आजोबा, नातवाला सांगा की उलट आहे. सगळ्या ग्रहांत शुभ म्हणून आपण ज्या गुरूला मान देतो तो पाहुण्याला अडीच पट वजनाखाली चिरडतो, आणि ज्याला तेल वाहून लांब राहा म्हणतो तो शनी खूपच मवाळ यजमान आहे.

शनीच्या ढगांपाशी ओढ जवळजवळ पृथ्वीएवढीच आहे, किंचितच जास्त. एवढा अवाढव्य ग्रह, ९५ पृथ्व्यांच्या वजनाचा, मग असं का? कारण तो फोफसा आहे, त्याची सरासरी घनता पाण्यापेक्षाही कमी, आणि ढगांपासून केंद्र खूप लांब पडतं. तुम्ही तिथे तरंगत्या घरात असाल तर खुर्चीत बसाल, चहा पेल्यातच राहील, चष्मा नाकावरून घसरला तर इथल्यासारखाच घसरेल.

थंडी मात्र जास्त. वर उणे १३९ डिग्री, आणि आपल्याला सोसेल असं तापमान गाठायला खोल जावं लागतं, साधारण दहा-बारा पट दाबापर्यंत, म्हणजे समुद्रात शंभरेक मीटर. एवढ्या दाबात माणूस राहतो का? राहतो. तेलविहिरींवर काम करणारे पाणबुडे दिवसच्या दिवस याहून जास्त दाबाच्या खोल्यांमध्ये राहतात, जेवतात, झोपतात. १९९२ मध्ये फ्रान्समध्ये कॉमेक्स या पाणबुड्यांच्या कंपनीच्या प्रयोगात तर माणसाने दाबाच्या टाकीत बसून ७०१ मीटर खोलीएवढा दाब सोसला, आणि श्वासाला काय होतं माहितीये, हायड्रोजन, हेलियम आणि चिमूटभर ऑक्सिजन! म्हणजे शनीच्या हवेत थोडा ऑक्सिजन मिसळला, आणि अमोनियासारखी घाण गाळून काढली, तर जे होईल जवळपास तेच. ऑक्सिजन चार टक्क्यांच्या आत ठेवला की ते मिश्रण पेट घेत नाही, आणि दहा पट दाबात तीन टक्केसुद्धा फुप्फुसांना भरपूर होतो. हे वाचून मी स्वतः दोन मिनिटं नुसती बसून राहिले होते, की हे तर कोणीतरी आधीच करून बसलंय, फक्त शनीवर नाही.

दुसरी एक सोय. त्या थरात शनीची हवा दाबामुळे आपल्या इथल्या हवेएवढीच दाट होते, जवळजवळ. म्हणजे तापवलेल्या हायड्रोजनचा फुगा आपल्याकडच्या हॉट एअर बलूनएवढंच वजन उचलेल. हजार-दीड हजार किलोमीटर वेगाचे वारे आहेत म्हणून घाबरवतात ते अर्धवट आहे, कारण फुगा वाऱ्याबरोबरच वाहतो, आतल्याला वारा लागतच नाही. झोंबतात ते धक्के, जिथे दोन थर वेगवेगळ्या वेगाने घासतात किंवा वादळ उठतं तिथे, आणि शनीवरची विजेची वादळं महिनोन्‌महिने चालतात. त्यापासून लांब राहावं लागेल.

आत शिरणं पण सोपं, म्हणजे तुलनेने हं. जवळच्या कक्षेतून शनीच्या हवेत शिरताना वेग १५ किलोमीटर सेकंदाला येतो. चंद्राला फेऱ्या मारून परतताना अपोलो १० ची माणसं ११ च्या वेगाने पृथ्वीच्या हवेत शिरली होती, १९६९ मध्ये, तर त्याच्या दुप्पट उष्णता झेलायची. गुरूवर ती सात पट होते. कडी आडवी येतील असं वाटत असेल तर २०१७ मध्ये कॅसिनी यान कडी आणि ग्रह यांच्यामधल्या फटीतून तब्बल २२ वेळा आरपार गेलंय, शेवटी १५ सप्टेंबरला ते मुद्दाम शनीतच बुडवलं. वाट मोकळी आहे.

परतीला तेच १५ किलोमीटर, म्हणजे अणुइंजिनाने वरच्या एका टनाला खाली सहा-सात टन. हे मला होण्यासारखं वाटतं. आपल्या हयातीत नाही, नातवाच्याही कदाचित नाही, पण इंजिनीयर लोक ज्याला नुसतं हसत नाहीत अशातलं आहे.

एक नावडती गोष्ट पण सांगून टाकते. तिथे दिसेल काय? काही नाही. सूर्यप्रकाश आधीच पृथ्वीच्या नव्वदाव्या हिश्श्याएवढा, त्यावर शेकडो किलोमीटर धुकट ढग. आरामाच्या त्या थरात काळोख असेल. कडी बघायची तर वर यायचं, आणि वर यायचं तर उणे १३९. सुख आणि देखावा एका खोलीत नाहीत.

प्रश्न : गुरू हायड्रोजनचा आहे तर यान शिरताना त्याच्या ज्वाळांनी सगळा ग्रह पेटणार नाही का? सिलिंडर फुटला तर काय होतं आपण बघतो.
— एक गृहिणी, रामबाग

उत्तर : नाही हो, ताई. जळायला ऑक्सिजन लागतो आणि तिथे मोकळा ऑक्सिजन नाही. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे वीसेक तुकडे एकामागोमाग एक गुरूवर आदळले, आगीचे लोळ उठले, पृथ्वीएवढे काळे डाग पडले, आणि काही महिन्यांत ते डाग विरले पण. तिथल्या फुग्यात तर गंमत उलटी होईल, बाहेर इंधनच इंधन आणि आपण जपून न्यायचा तो ऑक्सिजन. शेगडी लावायची तर नळीतून ऑक्सिजन सोडावा लागेल आणि भोवतालची हवा जळेल.

प्रश्न : मी आरआरकॅट या संशोधन केंद्राच्या बाजूला राहतो, तिथे इंडस मशीनमध्ये इलेक्ट्रॉन फिरवतात हे माहिती आहे. कोणीतरी म्हणालं गुरूभोवती पण तसंच चालतं. खरं का? आणि माणसाला त्याचा त्रास होईल का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : खरंय, आणि हा प्रश्न इंदूरहूनच यायला हवा होता. इंडस-२ मध्ये वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकांनी वळवतात आणि वळताना ते प्रकाश फेकतात, त्याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. गुरूचं चुंबकीय क्षेत्र हेच काम आपोआप करतं, लाखो किलोमीटर पसरलेल्या पट्ट्यांमध्ये, आणि तिथले इलेक्ट्रॉन फेकतात त्या रेडिओ लहरी आपल्याला पृथ्वीवर बसून पकडता येतात. फरक एवढाच की आरआरकॅटमध्ये मध्ये जाड भिंत असते. गुरूपाशी भिंत आपणच नेली पाहिजे.

त्रास? त्रास म्हणजे अक्षरशः मरण. आकडे बघा, सिव्हर्ट या मापात, म्हणजे अंगावर पडणाऱ्या किरणांच्या माऱ्याच्या मापात, एकदम ४-५ सिव्हर्ट अंगावर घेतले तर उपचाराशिवाय निम्मी माणसं दगावतात. गुरूचा आतला चंद्र आयो, तिथे उघड्यावर दिवसाला ३६ सिव्हर्ट. युरोपावर साडेपाचच्या आसपास. गॅनिमिडवर ०.०८. आणि कॅलिस्टोवर ०.०००१. आकडे कसे धडाधड उतरतात बघा, अंतराचा खेळ आहे सगळा. डिसेंबर १९७३ मध्ये पायोनियर १० पहिल्यांदा गुरूजवळून गेलं तेव्हा त्याला मिळालेला मारा माणसाच्या मरणाच्या डोसच्या हजार पट होता. जूनोने आपले नाजूक इलेक्ट्रॉनिक्स टायटॅनियमच्या पेटीत बंद करून नेलेत, भिंती सेंटिमीटरभर जाड, आणि कक्षाही अशी निवडली की पट्ट्यांच्या सगळ्यात वाईट भागाला वळसा पडावा.

माणसं घेऊन गुरूच्या ढगांत जायचं तर हे पट्टे पार करणं आलं, जाताना आणि येताना. ढगांच्या आत शिरलं की वरचा गॅसच ढाल होतो, पण मधली वाट वाईट. शनीच्या बाबतीत बर्फाची कडी हे कण शोषून घेतात, म्हणून तिथला मारा कितीतरी सौम्य. आजोबांना अजून एक कारण मिळालं.

प्रश्न : सिंहस्थाचा गुरू तो हाच का?
— उज्जैनहून एक वाचक

उत्तर : हाच. सूर्याभोवती त्याची एक फेरी ११.८६ वर्षांची, म्हणून एका राशीत तो साधारण वर्षभर असतो आणि बारा वर्षांनी सिंहेत परत येतो. ते पूर्ण बारा नाहीत म्हणून सात फेऱ्यांत जवळपास एक वर्ष सरकतं, पंचांगवाले ते सांभाळून घेतात. मागचा उज्जैनचा सिंहस्थ २०१६ च्या एप्रिल-मे मध्ये झाला, आणि त्याच वर्षी जुलैच्या सुरुवातीला जूनो गुरूभोवती पोचलं. पुढचा २०२८ मध्ये.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं म्हणणं की पोचेपर्यंतच माणूस म्हातारा होईल, मग ढग असोत की जमीन, काय उपयोग? आमच्या घरी यावरून दोन दिवस वाद चालू आहे, निकाल द्या.
— लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : मिस्टरांना पास करते, पण काठावर.

म्हातारा नाही होणार, पण थकेल खूप. जूनोला गुरूपर्यंत पाच वर्षं लागली, गॅलिलिओला सहा, कॅसिनीला शनीपर्यंत जवळजवळ सात. न्यू होरायझन्स यान जानेवारी २००६ ला निघून तेरा महिन्यांत गुरूपाशी होतं हे खरंय, पण ते तिथे थांबलं नाही, बाजूने सुसाट निघून गेलं, आणि थांबायचं म्हणजे तो सगळा वेग मारायला पुन्हा इंधन. माणूस सलग अंतराळात राहिल्याचा विक्रम व्हॅलेरी पोल्याकोव्ह यांचा, ४३७ दिवस, १९९४-९५ मधला, तो अजून कोणी मोडलेला नाही. आपले शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये गेले तेव्हा सगळा प्रवास तीन आठवड्यांच्या आत उरकला. वजनरहित अवस्थेत कमरेच्या हाडांचा महिन्याला एक टक्का तरी झिजतो, व्यायाम नाही केला तर जास्तच, त्याला पाच-सात वर्षं जाताना, तेवढीच येताना, गुणाकार तुम्हीच करा. यान गरगर फिरवत नेऊन खोटं वजन तयार करावं लागेल, आणि वाटेतल्या वैश्विक किरणांसाठी पाण्याची नाहीतर प्लास्टिकची जाड भिंत.

आणि एकटेपण हा पण खर्चच धरा. गुरूहून घरी हॅलो म्हटलं तर ऐकू यायला ३३ ते ५४ मिनिटं, शनीहून एक ते दीड तास, उत्तर यायला पुन्हा तेवढीच. तुमच्या घरचा वाद तिथे दोन दिवसांत मिटला नसता.

पण काय उपयोग या मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूने आहे. पैसा आणि चिकाटी असेल तर उपयोग आहेच. १९७० च्या दशकात ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या मंडळींनी डेडलस नावाचा एक आराखडा केला होता, दुसऱ्या ताऱ्याकडे जाणाऱ्या यानाचा, आणि त्याचं इंधन म्हणजे हेलियम-३ हे कुठून आणायचं ठरवलं होतं? गुरूच्या हवेतून, गरम फुग्यांना टांगलेल्या कारखान्यांमधून. माणसं नाहीत, यंत्रं. मला ते शहाणपणाचं वाटतं, कारण ढगांत माणूस जाऊन असं काय करणार जे यंत्र करणार नाही?

प्रश्न : मग गुरू-शनीला माणूस कधीच जाणार नाही असं समजायचं का? मला जायचंय. मी आठवीत आहे.
— एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : अगं जा की! पण ढगांत नाही, चंद्रांवर जा. २००३ मध्ये नासाच्या लोकांनी माणसाला गुरूच्या बाजूला पाठवायचा एक अभ्यास केला होता तेव्हा त्यांनी पत्ता निवडला कॅलिस्टो. का ते वर आलंच आहे, किरणांचा मारा कमी. शिवाय पायाखाली घट्ट बर्फ आणि खडक, ओढ पृथ्वीच्या आठव्या हिश्श्याएवढी, म्हणजे वर उडायला छोटं रॉकेट पुरे. आणि तिथून आकाशात गुरू दिसेल तो आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या आठपट रुंद, हलत नाही, एकाच जागी टांगलेला, कारण कॅलिस्टो त्याच्याकडे कायम एकच तोंड करून फिरतो. त्यावरचे पट्टे, तो पृथ्वीहून मोठा लाल डाग, दर दहा तासांनी एक गिरकी, सगळं साध्या डोळ्यांनी. गुरू बघायचा तर गुरूत शिरून काही दिसत नाही, कॅलिस्टोवर खुर्ची टाकून बसावं.

शनीकडे गेलीस तर टायटन. तिथे हवा आहे, नायट्रोजनची, दाब आपल्या दीडपट, म्हणजे दाबाचा सूट लागत नाही, उबदार कपडे आणि ऑक्सिजनचा मास्क लागतो. उबदार म्हणजे चांगलेच उबदार हं, उणे १७९ डिग्री आहे. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स नावाचं यंत्र तिथे उतरलं आणि बर्फाचे गोटे पसरलेल्या पात्राचा फोटो पाठवला. ओढ इतकी कमी आणि हवा इतकी दाट की हाताला पंख बांधून माणूस उडू शकेल, हे हिशेबाने खरं आहे.

तू अठराची होशील तोवर बरंच काही घडेल. युरोपा क्लिपर हे नासाचं यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय, एप्रिल २०३० ला गुरूपाशी पोचेल. युरोप खंडातल्या देशांचं जूस नावाचं यान एप्रिल २०२३ मध्ये निघालं, जुलै २०३१ ला पोचेल आणि गॅनिमिडभोवती फिरेल, कॅलिस्टोजवळून तर बरेच वेळा जाईल. ड्रॅगनफ्लाय नावाचं ड्रोनसारखं यंत्र २०२८ मध्ये टायटनकडे निघायचंय, २०३४ मध्ये उतरेल. गणित आणि फिजिक्स सोडू नकोस, आणि लांब कुठे जायला नको, आपल्या सिमरोलच्या आयआयटीत खगोलशास्त्र आणि अंतराळ इंजिनीयरिंगचा अख्खा विभाग आहे. तोवर घरातली जी काही दुर्बीण किंवा बायनॉक्युलर असेल ती गच्चीवर ने, हात स्थिर ठेव, भिंतीला टेकव हवं तर. गुरूच्या शेजारी एका रेषेत चार ठिपके दिसतात त्यात कॅलिस्टो बहुतेक वेळा सगळ्यात लांबचा असतो. रोज रात्री वहीत मांड, पंधरा-सतरा दिवसांत त्याची फेरी पुरी होते.

वाचकांना विनंती : प्रश्न एका पानात लिहा, मोबाईलवरून पाठवत असाल तर व्हॉइस मेसेज नको, टाईप करा. आणि मुलीला गुरूबळ कधी येईल असे जे दहा-बारा प्रश्न या वेळी आलेत ते मी ज्योतिषाच्या पानाकडे सरकवले आहेत.